मुंबईच्या किनाऱ्याने सायकल: तुमचे रस्ते, तुमचे अनुभव

मुंबईत समुद्रावरचे मोठे रस्ते सायकलवाल्याने लांबूनच बघायचे. वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्तमार्ग, किनारी रस्ता, अटल सेतू, सगळीकडे आपल्याला मनाई. उलट वर्सोवा, मार्वे आणि बोरिवलीच्या धक्क्यावरची साधी बोट सायकलसकट पलीकडे सोडते. पलीकडे एका बाजूला मढ आणि दुसऱ्या बाजूला धारावी बेट (म्हणजे मनोरी, गोराई, उत्तन, माहीमशेजारची धारावी वेगळी). शिवाय आपलं दक्षिण मुंबईचं जुनं बेट आहेच. तर लिहा. कुठून कुठे जाता, वारा कसा असतो, खायला काय मिळतं, काय जपावं लागतं. सरासरी वेगाचे स्क्रीनशॉट कृपया नकोत.

मालाडहून

माझा रस्ता दोन बोटींचा. ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

अंधेरी-जुहूकडच्या मैत्रिणी वर्सोव्याच्या बोटीने मढला उतरतात, मी मीठ चौकीवरून मार्वे रोडने जाते. मालवणी संपेपर्यंत रस्त्यात मजा काही नाही. रिक्षा, दुधाचे टेम्पो आणि 271 नंबरची बस. मार्वेनंतर नौदलाच्या हमला तळाची भिंत लागते आणि एकदम झाडं सुरू होतात. इथे थांबून फोटो काढू नका, पहारेकरी हटकतात आणि त्यांचं बरोबरच आहे. पुढे आक्सा, एरंगळ, मढ कोळीवाडा. रस्ता बहुतेक सपाट, पण वळणं आंधळी आहेत. रविवारी पहाटे रात्रभर रिसॉर्टमध्ये जागलेली मंडळी गाड्या घेऊन उलट दिशेने येत असतात, त्यामुळे आक्साच्या वळणांवर मी मान खाली घालून पेडल मारत नाही.

मढ कोळीवाड्यात सगळ्यांची गाठ पडली की मार्व्याला परत यायचं आणि मनोरीची बोट धरायची. ओहोटी असेल तर धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. क्लीटवाले (पेडलमध्ये अडकणारे) बूट असतील तर ते काढून हातात घ्या, सायकल खांद्यावर घ्या आणि मग उतरा. सकाळी मनोरीकडून येणाऱ्या बोटीतून मासेवाल्या उतरतात. आधी त्यांना उतरू द्यायचं. एकदा मी घाईने हँडल आत घुसवलं तर एक मावशी म्हणाल्या, "ए पोरी, पाटी लागेल ना तुझ्या चाकाला! बोट काय पळून चाललीय?" तेवढ्यात पाटीतलं पाणी माझ्या चेनवर सांडलंच. घरी येईपर्यंत सायकलला म्हावऱ्याचा वास होता.

मनोरी, गोराई, उत्तन, मग डोंगरी, राई, मुर्धे करत भाईंदर स्टेशन. बोटीतून उतरल्यावर साधारण वीस किलोमीटर. गोराई आणि उत्तनच्या मधला चढ नवख्यांना दमवतो, पण वर पोहोचलं की डाव्या हाताला समुद्र दिसतो. बायकांसाठी एक सांगते. या पट्ट्यात स्वच्छतागृहाची सोय विरळ आहे. मार्व्याच्या आधी किंवा नाश्त्याच्या ठिकाणी उरकून घ्या, पुढचं कुणाच्या भरवशावर ठेवू नका.

गिरगावातून

मी पासष्टीच्या पुढचा माणूस, बोटीबिटी जमत नाहीत. माझं मैदान म्हणजे मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासून चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटर सपाट. दम असेल त्या दिवशी वाळकेश्वरचा चढ, तीन बत्ती, हँगिंग गार्डन आणि केम्प्स कॉर्नरला उतार. मलबार हिल उंच उंच म्हणजे जेमतेम 50 मीटर, पण तरुण पोरं तीच टेकडी पुन्हा पुन्हा चढून घाटाची तयारी करतात. लोणावळ्याला कोण जाणार रोज?

वाऱ्याबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, अगदी हलका. जमीन तापली की अकराच्या सुमारास उलटतो आणि समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणून उत्तरेकडे जायचं ते सकाळीच. दुपारी दक्षिणेकडे परतताना तोच वारा पाठीशी असतो. पावसाळ्यात नैऋत्येचा जोर, तेव्हा हिशोब उलटा. ॲप न बघता एवढं लक्षात ठेवलं तरी पायांचं निम्मं काम वाचतं. (उतारावर केम्प्स कॉर्नरच्या सिग्नलला ब्रेक लागतो ना ते आधी बघा. तिथे वारा कामाचा नाही.)

भाईंदर पश्चिमेकडून

गिरगावच्या काकांचं वाऱ्याचं गणित शंभर टक्के खरं. आम्ही याच बाजूने सुरुवात करतो, कारण बोटीची वाट बघायला नको. राई-मुर्ध्याकडे मिठागरांच्या बाजूने जाताना उजाडायच्या आत निघालात तर कुत्री सोडल्यास रस्ता पूर्ण तुमचा. उत्तनहून चौक गावाला जा, धारावी किल्ल्यापाशी. किल्ला म्हणून उरलंय थोडंच, पण खाडीपलीकडे वसई दिसते आणि 1739 साली चिमाजी अप्पांना वसईच्या मोहिमेत हे टोक का हवं होतं ते नकाशाशिवाय कळतं. खाडीच्या तोंडावर जो बसेल, वसईकडे येणाऱ्या गलबतांवर त्याची नजर.

गोराईतून

मी इथलाच. तुम्ही मंडळी रविवारी आमच्या दारावरून जाता, त्याचा आनंदच आहे, पण दोन शब्द ऐका.

रविवारी सकाळी मिस्साची वेळ असते. म्हाताऱ्या बाया, लहान पोरं, नवीन कपड्यांतली सगळी घरं रस्त्याने चालत चर्चला जातात. आमच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या. तिथे दहा-पंधरा जणांचा घोळका ओरडत "लेफ्ट, लेफ्ट" करत आला की आजी बिचारी कुठल्या लेफ्टला जाणार? घंटी लावा सायकलला. लाख रुपयांच्या सायकलला शंभर रुपयांची घंटी का नसते हे मला कुणीतरी समजावा.

आणि थांबत जा. उत्तन-पालीला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी काठीवर टांगतात, दोरा नाही, खिळा नाही. त्याच्याखालून जाताना लोक नाक दाबतात आणि घरी जाऊन सुक्या बोंबलाची चटणी मागतात. उन्हाळ्यात ताडगोळे इथूनच घ्या, बोरिवलीला तेच महाग.

लालबाग-परळकडून

नाकाला त्रास होतोच, गोराईकर दादा, रागवू नका. घंटी मात्र आजच लावतो.

माझा विषय वेगळा: खारं पाणी आणि तार. बोटीत उडालेला थेंब वाळला की मीठ राहतं, आणि ते चेनच्या पिनांत, ब्रेकच्या केबलच्या टोकांत, पेडलच्या आट्यांत जाऊन बसतं. घरी आल्यावर बादलीभर गोडं पाणी हलक्या हाताने ओता. पाइपचा जोर मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. मग कोरडं फडकं, आणि चेन सुकल्यावरच तेल. ओल्या चेनवर तेल लावलं की पाणी आतच राहतं. पेडलचे आटे वर्षातून एकदा तरी काढून ग्रीस लावा, नाहीतर पुढे पाना वाकेल पण पेडल निघणार नाही.

तार म्हणजे फुटलेल्या ट्रक टायरमधली. रे रोड, शिवडी या बंदराच्या बाजूला रस्त्यावर केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला शिवडीला जाणाऱ्यांनी ट्यूब दोन न्याव्यात. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तार आहे. ती चिमट्याने उपटल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर पुढच्या सिग्नलला पुन्हा खाली बसाल. टायर 25 मिलिमीटरचे असतील तर पुढच्या वेळी 28 किंवा 32 घ्या. पेव्हर ब्लॉक आणि गटाराच्या जाळ्यांच्या शहरात बारीक टायरचा हट्ट कशाला? जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असल्या की चाक सरळ आत जातं.

कांदिवलीहून

नवीन आहे, एकच शंका. मढ-मनोरी पावसात करता येतं का? आणि घरापासून धक्क्यापर्यंतचं ट्रॅफिक टाळायला काही उपाय?

वर्सोव्यातून

ट्रॅफिकचं आधी. मेट्रो 2अ आणि 7 वर सायकल नेऊ देतात, तुमच्या बाजूला दोन्ही आहेत. लोकलच्या नादाला लागू नका, घडीची सायकल असेल तर गोष्ट वेगळी.

पावसात आमची वर्सोवा-मढ बोट बंद असते. मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराईचं त्या दिवशीच्या हवेवर, म्हणून आदल्या संध्याकाळी धक्क्यावर कुणाला तरी विचारा. बोट नसेल तर मालाडहून मढ आणि भाईंदरहून उत्तन, दोन्ही जमिनीवरून होतात. खड्डे पाण्याखाली असतात, तेव्हा गाडीच्या चाकाच्या चाकोरीतून चालवा, कडेने नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मासळीचे टेम्पो रस्त्यावर कमी असतात, तो फायदा. सुके बोंबील हवे असतील तर मात्र मेच्या आत घेऊन ठेवा.