मदत हवी आहे: जनुक चाचणीतला ‘प्रो१२अला’ माझ्यासाठी खरंच संरक्षक आहे का?

नमस्कार मंडळी. बाबांना ४२व्या वर्षी मधुमेह झाला, आजीलाही होता. म्हणून मी जनुक चाचणी करून घेतली. अहवालात पीपीएआर-गॅमा या जनुकात ‘प्रो१२अला’ हा बदल सापडलाय आणि पुढे हिरव्या अक्षरांत ‘संरक्षक’ असं लिहिलंय.

वाचून समजलं ते असं. चरबीच्या पेशी तयार होणं आणि त्यांत चरबी साठणं, याला लागणारं प्रथिन हे जनुक बनवतं. त्यात १२व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की प्रथिनाचं काम थोडं मंदावतं, पण शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं. बाबांची पायोग्लिटाझोनची गोळी मात्र याच प्रथिनाला चालना देऊन साखर उतरवते! दोन्ही खरं कसं, हे मला उलगडत नाही.

शिवाय २००६ साली चेन्नई आणि डॅलसमधल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या लोकांत दिसणारं हे संरक्षण त्यात दक्षिण आशियाई लोकांत दिसलं नाही. मग त्या हिरव्या शब्दावर कसा विश्वास ठेवू? माझी कंबर ३७ इंच आहे, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०.

इथे कुणी एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) किंवा जनुकशास्त्राचे अभ्यासक आहेत का? एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) पुरेशी आहे, की उपाशीपोटीचं इन्सुलिनही तपासून घेऊ? कृपया सांगा, फार काळजी वाटतेय.