विधवेची जमीन, कुळाची नोटीस: वर्ष कधीपासून मोजायचं?

रत्नागिरीकर
आमच्या चुलत आजीची भातशेती, अर्धेलीने (अर्ध्या पिकाच्या वाट्याने) कुळाला कसायला दिलेली. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी (या दिवशी कायद्याने कुळं कसत्या जमिनीची मालक ठरली), ती विधवा होती. त्यामुळे कुळकायद्याच्या कलम 32फ प्रमाणे कुळाचा खरेदीचा हक्क ती असेपर्यंत लांबला. ती 1986 ला गेली, मूलबाळ नाही, वारस आमचे वडील. वारसाला कुळवहिवाट संपवायला एक वर्ष; त्यानंतर कुळाला खरेदीची नोटीस द्यायला एक वर्ष. दोन्हीकडून कागद हलला नाही. आता कुळाच्या नातवाने कलम 32ग खाली जमिनीची खरेदी-किंमत ठरवून मागितली आहे. आधार 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: मालकीण गेल्याचं वारसांनी कळवलं नसेल तर कुळाचं वर्ष सुरूच होत नाही. त्याआधी याच न्यायालयाने उलट सांगितलं होतं. मग कायद्यात मुदत घातली कशाला?

खाचरातला
ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती द्यावी, यात अन्याय कसला? मालक मुंबईत, वाटा न्यायला येणार मुकादम. मालकीण कधी वारली, वारस कोण, हे कुळाने कुठे शोधायचं? मुदत पाळली नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेल्याचा हक्क जातो. मालकाने पाळली नाही तर त्याचं काय जातं?

रत्नागिरीकर
मुकादम वगैरे नव्हता हो. वडील स्वतः वाट्याचं भात आणायला जायचे. तेराव्याला हेच कूळ आमच्या पंगतीत जेवलं होतं.

निवृत्त तलाठी
तेरावं पंचनाम्यात येत नाही! कुळाला कळलं असेल, पण वारसाने कळवलं का, हा प्रश्न आहे. वारसाचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) नोंदवताना हितसंबंधितांना नोटीस जाते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव असेल तर त्यालाही गेली असेल. फेरफाराची नक्कल आणि नोटिशीची पोच काढा. पोच सापडली तर निदान भांडायला कागद तरी आहे. नाहीतर पंगतीचे साक्षीदार घेऊन तहसीलदारापुढे उभं राहण्यात अर्थ नाही.

सडेतोड
किंमत किती मिळणार तेही सांगा ना. आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पट! कोकणात आकार रुपयांत मोजतात. आजच्या भावाने त्यात बांधाचे चार दगड यायचे नाहीत. याला खरेदी म्हणायचं?

खाचरातला
पिढ्यान्‌पिढ्या अर्धं भात नेलंत, ते कुठल्या भावाने धरायचं? खोतीच्या या मुलुखात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं शेतं ओसाड ठेवली, ती याच वाट्यापायी. आणि खरेदी झाली तरी कूळ मोकळं होत नाही, घेतलेली जमीन विकण्यावर बंधन घालणारं कलम 43 आहेच.

सडेतोड
चरी मान्य. पण आज काय होतंय बघा. कसणारा कूळ म्हणून हक्क सांगेल या धास्तीने कोणी वाट्याची जमीन कागदावर देत नाही. सगळं तोंडी. कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. पीएम किसानचे 6000 मालकाच्या खात्यात. असे निकाल आले की मालक जमीन पडीक ठेवतो, पण देत नाही.

खाचरातला
ती धास्ती नव्या करारांसाठी वेगळा कायदा करून घालवा. 1957 च्या कुळाने तिची किंमत का द्यायची?

रत्नागिरीकर
फेरफाराच्या नकलेला सोमवारी अर्ज टाकतो. पोच निघाली नाही तर नातवाशी बसून बोलावं म्हणतो, पण वडील ऐकायला तयार नाहीत.