पेन्शन मिळते, पण पाय रोज लावावा लागतो

‘जखमी जवानांना पेन्शन मिळते, मग अडचण कसली?’ या प्रश्नावर थोडं. माझे मामा देवळालीचे. ७१ च्या लढाईत सुरुंगावर डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला, तो उत्तमच होता. पण उरलेल्या पायाचा आकार वर्षांगणिक बदलतो, सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा खोलगट भाग, सैल होतं, घासतं, जखम होते. नाशिकच्या पावसाळ्यात तर घामानं नि ओलीनं कातडी सोलून निघायची. सगळा भार उजव्यावर, म्हणून साठीच्या आतच तो गुडघा झिजला, मग कंबर धरली. आणि रात्री नसलेल्या पायाची बोटं ठणकायची! डॉक्टर म्हणाले, हे भास नाहीत, मेंदूला अजून तो पाय आहेच असं वाटतं.

कण्याला गोळी लागून कमरेखालचं अंग लुळं पडलेल्यांचं (पॅराप्लेजिक) तर याहून अवघड. शय्याव्रण म्हणजे एकाच जागी पडून-बसून होणाऱ्या जखमा, लघवीचा संसर्ग, जन्मभर दोन्हींवर लक्ष. खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र त्यांच्यासाठीच आहे. ६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर ७२ साली पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकले, त्यांचं कौतुक आहेच. पण प्रत्येकाकडून तीच अपेक्षा नको. आमचे मामा भगूरच्या बाजारापर्यंत चालत गेले, तरी मामी देवापुढे साखर ठेवायची.