मदत हवी आहे: केस पेपर बंद करायचेत, पण जुन्या पेशंटची हिस्टरी अपडेट कशी करायची?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीत माझा दातांचा दवाखाना आहे. दोन खुर्च्या, एक असिस्टंट, रिसेप्शनला एक मुलगी. २०१९ च्या पुरात खालच्या दोन फळ्यांवरचे केस पेपर गेले. गच्चीवर वाळत घातले तर शाई फुटून सगळं निळंच निळं. तेव्हापासून "आता कागद बंद" म्हणतेय आणि अजून कागदच चालू आहे.

नवीन पेशंटचं सोपं आहे, टॅबवर मराठीत प्रश्न ठेवले की झालं. घोडं अडतंय जुन्यांपाशी. आमच्याकडे केस पेपरच्या मागं तारीख, "बदल नाही" आणि सही अशी पद्धत आहे. त्या "बदल नाही"नंच गेल्या महिन्यात घाम फोडला. कागलकडचे एक काका दाढ काढायला आले. नवीन आजार, औषध काही? "काय नाही ओ मॅडम, सगळं बेस हाय." दाढ निघाली आणि रक्त थांबेना. टाके घातले, गॉज दाबून बसले, तेव्हा काकूंनी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली! काका म्हणतात, "ते हृदयाचं हाय, दाढेचा काय संबंध?" त्या गोळ्या मी बंद करायला सांगितल्या नसत्याच, तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. पण तयारीत तरी बसले असते. चूक माझीच, मोघम विचारलं.

आता भीती अशी की टॅबवर मागची उत्तरं भरलेली दिसली तर लोक न वाचता "पुढे" दाबणार. दर वेळी कोरा फॉर्म दिला तर रूट कॅनलच्या तिसऱ्या सिटिंगला पेशंट माझ्यावरच उखडणार. शिवाय बोटानं केलेली सही चालते का? भाच्यानं गूगल फॉर्म करून दिलाय, पण तो त्याच्याच ईमेलवर आहे, ते काही मनाला पटत नाही.

दाढदुखी_राजारामपुरी: मॅडम, दोन्हीचा मेळ घाला. ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं भरलेली दिसू देत. तीन प्रश्न मात्र दर वेळी कोरे: मागच्या भेटीनंतर ॲडमिट झाला होता का? कुठली गोळी सुरू, बंद किंवा बदलली का? इंजेक्शन किंवा सलाईन घेतलं का? तिसरा मुद्दाम आहे. हाडं ठिसूळ झालेल्या आज्यांना झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. ते "रोजच्या गोळ्यांत" कधीच येत नाही, आणि त्या औषधामुळं दाढ काढल्यावर कधीकधी जबड्याचं हाड भरून येत नाही म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. वयस्कर लोकांच्या हातात टॅब देऊच नका, मुलीनं वाचून विचारावं आणि भरणाऱ्याचं नाव नोंदवावं. आम्ही तर व्हॉट्सॲपवर गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटोच मागवतो. नावं सांगता येत नाहीत, पण फोटो झकास येतो.

फाईलबंद: मी दवाखान्यांची सॉफ्टवेअर बसवतो. जुनं उत्तर पुसून नवीन लिहिणारं सॉफ्टवेअर घेऊ नका. आधीची नोंद तारीख-वेळेसकट तशीच राहिली पाहिजे, नाहीतर उद्या वाद झाला तर दाखवणार काय? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये डिजिटल सही, आधारचं ई-साइन यांना मान्यता आहे, काचेवरची रेघोटी त्यात बसत नाही. हिस्टरीपुरती ती राहू दे, सर्जरीच्या संमतीला कागदावरच सही घ्या. आणि भाच्याचा फॉर्म आजच बंद करा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे माहितीची जबाबदारी तुमची, भाच्याची नव्हे. संमतीचा मजकूर पेशंटला मराठीत वाचता यायला हवा, हेही त्यात आहे.

धागाकर्ती: कोऱ्या तीन प्रश्नांचं एकदम पटलं. जुने सगळे केस पेपर स्कॅन करू का?

फाईलबंद: सगळे नको, कंटाळून सोडून द्याल. जो पेशंट येईल त्याचा त्या दिवशी.

धागाकर्ती: बरं. आणि फोटोचा मेसेज कधी पाठवता?

दाढदुखी_राजारामपुरी: आदल्या दिवशी संध्याकाळी, जेवणाच्या आधी. तेव्हाच गोळ्यांचा डबा हातात असतो.