देतेनेर, रेतेनेर, सेकुएस्त्रार: ‘ताब्यात घेतलं’ कुठे चालेल?

कोथरूडची_अनुवादक
मंडळी, चार दिवस एकाच क्रियापदावर अडकले आहे. कोलंबियातल्या एका आईचं निवेदन स्पॅनिशमधून मराठीत करतेय. तिचा मुलगा सैन्यात शिपाई. फार्क या तिथल्या बंडखोर संघटनेनं तळावर हल्ला करून त्याला जंगलात नेलं, कित्येक वर्षं सोडलं नाही. ती स्वतः दर वेळी ‘सेकुएस्त्रारोन’ म्हणते, म्हणजे अपहरण केलं. बंडखोरांच्या पत्रकात मात्र त्याच मुलाला ‘रेतेनिदो’ (धरून ठेवलेला) म्हटलंय. मी दोन्हीकडे ‘ताब्यात घेतलं’ लिहिलं आणि मसुदा माझ्या आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “अगंबाई, काय गुन्हा केला होता त्यानं?”
तेव्हापासून झोप उडालीय. वर्गात आम्हाला देतेनेर, आर्रेस्तार, रेतेनेर सगळ्यांपुढे ‘अटक करणे’ एवढंच लिहून दिलं होतं. फरक नेमका कसा ओळखायचा?

माद्रिदकर
ताई, आधी देतेनेर. मूळ अर्थ थांबवणे. बस थांबली तरी ‘से देतुवो’. आपल्या ‘अटक’मध्येही अटकणं आहेच, त्यामुळे ही जोडी छान जमते. स्पेनमध्ये पोलीस धरतात तो देतेनिदो. १९७८ च्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाप्रमाणे जास्तीत जास्त ७२ तासांत त्याला सोडायचं किंवा न्यायाधीशापुढे न्यायचं. न्यायाधीशानं तुरुंगात पाठवलं की तो ‘प्रेसो’. इथल्या बातम्यांत हे दोन शब्द सहसा एकमेकांच्या जागी येत नाहीत. मराठीत करताना प्रेसोला मी ‘न्यायालयीन कोठडीत’ लिहितो, अगदी तंतोतंत नसलं तरी वाचणाऱ्याला कळतं.
रेतेनेर म्हणजे जाऊ न देणे, धरून ठेवणे. पगारातून कापलेला करही ‘रेतेन्सिओन’ आणि हायवेवरची वाहनांची कोंडीही.

ग्वादालाहारा_ते_गोरेगाव
देश कोणता ते आधी बघा. मी मेक्सिकोत सहा वर्षं होतो. तिथे रेतेनेर हा कायद्याचाही शब्द आहे. घटनेच्या १६व्या कलमात सरकारी वकिलांच्या कार्यालयाला संशयिताला ४८ तासांपेक्षा जास्त ‘रेतेनिदो’ ठेवता येत नाही (संघटित गुन्हेगारीत मुदत दुप्पट होऊ शकते). आणि ‘आर्रेस्तो’? २१व्या कलमात ती किरकोळ नियमभंगाची शिक्षा आहे, फार तर ३६ तास. दारू पिऊन रस्त्यात गोंधळ घातला की आर्रेस्तो. खुनाच्या आरोपीसाठी न्यायाधीश काढतो ते वॉरंट ‘ओर्देन दे आप्रेएन्सिओन’. शब्दकोश बघून आर्रेस्तो म्हणजे अटक असं लिहिलंत तर मेक्सिकोत फसाल.

बोगोताची_विद्यार्थिनी
कोथरूडताई, तुमच्या वाक्यात खरा वाद कायद्याचा नाहीच. फार्कवाले आपल्याकडच्या माणसांना ‘रेतेनिदोस’ म्हणायचे, जणू ते एक सरकारच आहेत आणि धरून ठेवायचा त्यांना हक्क आहे. घरची माणसं ‘सेकुएस्त्रादोस’ म्हणायची. २०१६ च्या शांतता करारातून उभ्या राहिलेल्या विशेष न्यायालयाने २०१८ मध्ये पहिलं प्रकरण उघडलं, तेव्हा शीर्षकात ‘रेतेन्सिओन इलेगाल’ (बेकायदा धरून ठेवणं) होतं. पुढे ते बदलून ओलीस ठेवणं आणि स्वातंत्र्य हिरावणं असं केलं. फार्कच्या माजी नेत्यांनी २०२० मध्ये माफीचं पत्र काढलं, त्यात ‘सेकुएस्त्रो’ हा शब्द स्वतः लिहिला. त्या एका शब्दासाठी लोकांनी किती वर्षं वाट पाहिली होती! फार्कने पळवलेल्या मुलासाठी नारिन्यो प्रांतातले शिक्षक गुस्तावो मोंकायो २००७ मध्ये अंगावर साखळदंड घालून राजधानी बोगोतापर्यंत चालत आले होते, त्यांचा मुलगा २०१० मध्ये सुटला, बारा वर्षांनी. अशा बापासमोर ‘ताब्यात’ हा शब्द उच्चारून बघा.

कोथरूडची_अनुवादक
तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळं पुन्हा लिहिलं. आईच्या तोंडी आता आहे: “माझ्या लेकराला पळवून नेलं, डांबून ठेवलं.” आधी ‘अपहरण केलं’ लिहिलं होतं, पण ते वर्तमानपत्राचं वाटलं, आई असं बोलत नाही. ‘ताब्यात’ पुसला मात्र नाही. तो पत्रकात ठेवलाय: “आमच्या ताब्यातील सैनिक.” तो शब्द त्यांचाच आहे.
सकाळी आईला परत वाचून दाखवलं. या वेळी तिनं विचारलं, “मग सुटला का गं तो?”