परिवलन-परिभ्रमण की गिरकी-फेरी?

बाई_लातूर: सातवीला सूर्यमाला शिकवायले. चाचणीत एका पोरीनं लिहिलं, ‘पृथ्वी स्वतःभोवती गिरकी घेती अन् सूर्याला फेरी मारती.’ मी पूर्ण मार्क दिले, दुसऱ्या सरांनी एक कापला, म्हणे परिवलन, परिभ्रमण हेच शब्द पाहिजेत. मला पटलं नाही, कारण अर्ध्या वर्गानं तेच शब्द लिहिलेत पण उलटेपालटे, म्हणजे पाठांतर झालं अन् पृथ्वी काय करायली ते कळलंच नाही. गिरकी-फेरी चालावं का?

शब्दप्रेमी_नांदेड: मॅडम, सरांचं बरोबर आहे. गिरकी माणूस एकदा घेतो अन् थांबतो, पृथ्वी थांबत नाही. परिवलनात वळणं आहे, आपण वात वळतो, लाडू वळतो, वस्तू हातातल्या हातात फिरते. भ्रमण म्हणजे हिंडणं. एवढं सांगितलं की पोरं चुकत नाहीत.

खळं_परभणी: आमच्याकडं गुरं पण वळतात सर, ती काय जागेवर फिरतात व्हय? अन् भोवरा, भोवळ हे शब्द भ्रमातूनच आलेत, पण भोवऱ्याची आर टेकली की तो एका जागीच फिरतो. व्युत्पत्ती सांगितली तर पोरं जास्तच गोंधळायची. मी मळणीचं खळं सांगतो, मधल्या खांबाभोवती, म्हणजे मेढीभोवती, बैलांची पात फिरायली म्हणजे परिभ्रमण.

बाई_लातूर: आमच्याकडं तिवडा म्हणतात, मेढ नाही. पण मळणीयंत्र आल्यापासून पोरांनी खळं बघितलंय कुठं?

खळं_परभणी: तिवडा पण म्हणतात, पण जुनी माणसं मेढच म्हणायची.

दुर्बीण_संभाजीनगर: पातीचं उदाहरण देऊ नका, त्यात सगळे बैल एकाच दावणीला, फेरी सगळ्यांची सोबतच पुरी होते. ग्रहांचं तसं नाही, बुधाची फेरी 88 दिवसांत, शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. अन् गिरकीचं तर प्रत्येकाचं वेगळं, गुरू एवढा अवाढव्य पण 10 तासांच्या आत फिरतो, शुक्र एका गिरकीला 243 दिवस घेतो अन् त्याची फेरी 225 दिवसांची, म्हणजे गिरकी पुरी व्हायच्या आधी वर्ष संपतं, शिवाय उलटा फिरतो. वर्गात हे एवढं एक सांगा, दोन शब्दांतला फरक पोरं विसरणार नाहीत.

जुनी_वही_बीड: आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. ग्रहाला सय्यारा म्हणायचे, म्हणजे हिंडणारा. शुक्र जोहरा, मंगळ मिर्रीख. पहाटं बाजेवर उठून बसायचे अन् बोट दाखवून नावं सांगायचे. फिरण्याला गर्दिश, अन् स्वतःच्या आसाभोवती असली तर महवरी गर्दिश, एकाच शब्दात भागायचं. मला तर ग्रहापेक्षा सय्याराच बरोबर वाटतो, ग्रह म्हणजे धरणारा, म्हणूनच लोक ‘ग्रह लागले’ म्हणतात.

शब्दप्रेमी_नांदेड: धरणारा म्हणून शब्द टाकायचा का? आग्रह, अनुग्रह, ग्रहण सगळी एकाच घरातली. प्रश्न नवग्रहांचा आहे, त्यात सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, पृथ्वीच नाही. ते आधी निस्तरावं लागतं.

जुनी_वही_बीड: अगदी. राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला जाणाऱ्या घरातलं पोरगं विचारतंच, सूर्य ग्रह नाही तर नवग्रहात कसा. त्याला गप्प बसवू नये. जुन्या लोकांनी आकाशात जे जे सरकताना दिसलं ते मोजलं, अन् पृथ्वी पायाखाली होती.

बाई_लातूर: आज मैदानात करून बघितलं. एक पोरगी मधे पृथ्वी, दुसरी चंद्र, तिला सांगितलं तोंड पृथ्वीकडंच ठेवून फेरी मार. मारली. म्हटलं चंद्राच्या गिरक्या किती झाल्या, तर म्हणाली, ‘मॅडम, मी गिरकी घेतलीच नाही, नुसती फेरी मारली.’ तेव्हा विचारलं, तोंड कुठं कुठं झालं? शाळेकडं, मग लिंबाकडं, मग रस्त्याकडं, परत शाळेकडं. तिथंच थांबली, डोळे मोठे केले अन् म्हणाली, ‘म्हणजे एक झाली!’

दुर्बीण_संभाजीनगर: वा! दोन्हीला 27.3 दिवस, म्हणून चंद्राची पाठ आपल्याला दिसत नाही.

शब्दप्रेमी_नांदेड: मॅडम, मी तेच म्हणायलो. गिरकी म्हटलं की गरगर फिरणं डोळ्यांपुढं येतं, म्हणून ती पोरगी फसली. परिवलन म्हटलं असतं तर फसली नसती.

बाई_लातूर: परिवलन म्हटलं असतं तर तिनं तोंडच उघडलं नसतं सर.

खळं_परभणी: आईला विचारलं आत्ता. मेढच म्हणाली.