संसदेचा स्वतःचा हिशेब कोण तपासतो?

पंचगंगाकाठ

मी एका सहकारी साखर कारखान्याचा सभासद आहे. वार्षिक सभेआधी अहवाल घरी येतो. त्यात संचालकांच्या प्रवासभत्त्यापासून गाड्यांच्या डिझेलपर्यंत सगळे रकाने असतात. यंदा सभेत विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" सुरू झालं, मागून "नामंजूर", आणि माझा प्रश्न तोंडातच राहिला. तरी अहवाल हातात होता. दोन दिवसांनी कार्यालयात जाऊन त्या रकान्यावर बोट ठेवून मी विचारू शकलो.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. जी संसद सगळ्या देशाचा हिशेब मागते, तिच्या हिशेबावर बोट कोण ठेवतं?

केंद्राच्या अर्थसंकल्पात लोकसभा आणि राज्यसभा यांच्या स्वतंत्र मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी पैसे मागणारे प्रस्ताव, असतात. खासदारांचे पगार-भत्ते आणि सचिवालयांचा खर्च त्यात येतो. लोकसभा अध्यक्ष, राज्यसभा सभापती आणि त्यांचे उपाध्यक्ष-उपसभापती यांचं वेतन कलम ११२ प्रमाणे भारित खर्च असल्यामुळे त्यावर मतदानच होत नाही. मंत्रालयांच्या मागण्या निदान २४ स्थायी समित्यांसमोर जातात, अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारले जातात. संसदेच्या मागण्यांना ती चाळणी नाही. सभागृहात शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविना, एकदम मंजूर होतात. २०१८ आणि २०२३ साली तर एकाही मंत्रालयाच्या मागणीवर लोकसभेत चर्चा झाली नाही. आमच्या सभेतल्या "मंजूर, मंजूर"पेक्षा हे वेगळं कसं?

माझं म्हणणं एवढंच, की हा खर्च बाबवार लोकांसमोर यावा आणि खासदारांच्या एखाद्या समितीने तो उघड्यावर तपासावा.

तिकटीवरचा वकील

दादा, कळकळ समजली, पण हा विस्तवाशी खेळ आहे. संसदेचं सचिवालय सरकारच्या हाताखाली नाही, हे फुकट मिळालेलं नाही. विठ्ठलभाई पटेल १९२५ साली केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष झाले तेव्हा सभागृहाचं कार्यालय सरकारी खात्याच्या ताब्यात होतं. म्हणजे सरकारला प्रश्न विचारणाऱ्यांचे कागद सरकारचीच माणसं सांभाळणार! विठ्ठलभाईंनी त्यासाठी भांडण मांडलं आणि १० जानेवारी १९२९ पासून सभागृहाचं वेगळं खातं झालं. तोच धागा पुढे राज्यघटनेच्या कलम ९८ मध्ये आला. विधिमंडळांसाठी कलम १८७ आहे.

उद्या "तपासणी"च्या नावाखाली अर्थखात्याने एखाद्या अडचणीच्या समितीचा प्रवासखर्च कापला, तर तुम्ही काय करणार? ज्याची चौकशी करायची त्याच्याच हातात चौकशीवाल्याची थैली द्यायची?

पंचगंगाकाठ

वकीलसाहेब, अर्थखात्याने कापावं असं मी कुठे म्हटलं? सभागृहानेच तपासावं, पण दार उघडं ठेवून.

शिवाजी पेठ ४१६०१२

देशाच्या बजेटसमोर हा खर्च म्हणजे चिमूटभर. खासदार निधीच्या ५ कोटींवर बोला, तिथे मुरतंय पाणी.

तिकटीवरचा वकील

खासदार निधी सांख्यिकी मंत्रालयाच्या खात्यात असतो, संसदेच्या नाही. दोन्हीची सरमिसळ नको.

कागलचा शेतकरी

चिमूटभर कसं वो? आमच्या गावच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवत्यात. मुरूम किती ब्रास टाकला हे इचारल्याबिगर माणसं उठत न्हाईत. ग्रामपंचायतीचं बजेट तर त्याहून बारकं. मग तिथं कशाला वाचायचा? रक्कम ल्हान का मोठी हा प्रश्नच न्हाई. पैसा कुणाचा, एवढं बघा.

निवृत्त लेखापरीक्षक, राजारामपुरी

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, "कुणीच तपासत नाही" असा समज होऊ देऊ नका. एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, गेलेला पैसा १९७१ च्या कायद्याप्रमाणे कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) कक्षेत येतो, संसदेचाही. पण लेखापरीक्षण आणि छाननी यांत फरक आहे. मी व्हाउचर तपासायची तेव्हा पावती आहे का, मंजुरी आहे का, नियमात बसतं का, हे बघायची. ही खरेदी मुळात हवी होती का, हे विचारायचा अधिकार माझ्या टेबलाला फारसा नव्हता. तो प्रश्न पैसे मंजूर करण्याआधी विचारायचा असतो. पंचगंगाकाठ यांचं बोट तिथेच आहे आणि ते योग्य जागी आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. संसदेचा खर्च संसदेच्या मागणीत पूर्ण दिसतच नाही. २८ मे २०२३ ला ज्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं तिचं कंत्राट सुरुवातीला ८६१.९० कोटींचं होतं, आणि ते काम नगरविकास मंत्रालयाकडून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने केलं. डिसेंबर २०२३ मध्ये सभागृहात घुसखोरी झाल्यावर संकुलाची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. ते दल गृहखात्याचं. म्हणजे एका संस्थेचा खर्च तीन-चार लेखाशीर्षांत, म्हणजे हिशेबाच्या वेगवेगळ्या खात्यांत, विखुरलेला. एकत्र बेरीज कुणी मांडत नाही. आमच्या भाषेत, सगळी पानं एका फायलीत नसली की फाइल तपासली असं म्हणता येत नाही.

आणि म्हणूनच "संसदेचं एक मिनिट अडीच लाखाला पडतं" हे वाक्य वापरताना जपून. २०१२ साली तेव्हाचे संसदीय कामकाज मंत्री पवनकुमार बन्सल यांनी तो आकडा सांगितला. अजूनही तोच चालतो. त्यात काय धरलं, कशाने भागलं, हे विचारल्याशिवाय मी तरी तो लिहिणार नाही.

शिवाजी पेठ ४१६०१२

ताई, फाइलचं पटलं. पण मग संसदेचं कँटीन? तिथल्या स्वस्त जेवणाचं अनुदान जानेवारी २०२१ मध्ये बंद झालंच की.

निवृत्त लेखापरीक्षक, राजारामपुरी

झालं, चांगलं झालं. पण आठवून बघा, स्वस्त थाळीच्या दरपत्रकावर लोकांनी किती वर्षं बोंब मारली. कँटीनचे दर लोकांना दिसत होते म्हणून त्यावर बोलता आलं. जे दिसत नाही त्यावर कोण बोलणार?

तिकटीवरचा वकील

माझी खरी भीती वेगळी आहे, ती आता सांगतो. लोकांना खर्च दाखवला की लोक एकच मागणी करतात: कापा. आणि कापलं जातं ते नेमकं चुकीचं. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. हा खरा तोटा. आपल्या खासदाराला शेकडो पानांचं विधेयक वाचून दुरुस्ती सुचवायची, तर हाताशी अभ्यासू माणसं किती? ग्रंथालय, संशोधन, भाषांतर, मराठीतून बोलायचं असेल तर दुभाषे, यांवर मला आणखी खर्च हवा आहे. काटकसरीचा गजर झाला की पहिली कात्री तिथे लागते, कारण संशोधन साहाय्यकासाठी रस्त्यावर कुणी उतरत नाही.

पगारवाढीचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये खासदारांचं वेतन १ लाखावरून १.२४ लाख झालं, १ एप्रिल २०२३ पासून लागू, तेव्हा केवढा ओरडा झाला. पण २०१८ च्या दुरुस्तीने ते महागाई निर्देशांकाला बांधलंय. आधी खासदार स्वतःच दर काही वर्षांनी कायदा करून वाढवून घ्यायचे, त्यापेक्षा हे बरंच.

पंचगंगाकाठ

निर्देशांकाचं मान्य. पण निर्देशांकाला बांधणारा कायदाही त्यांनीच केला ना? ब्रिटनकडे बघा. तिथे खासदारांच्या खर्चाचा तपशील माहिती अधिकारात मागितला तर सभागृह कोर्टात भांडलं, आणि हरलं. मे २००९ मध्ये वर्तमानपत्रात सगळं बाहेर आलं. तळ्यातल्या बदकांच्या घरासाठीसुद्धा एकाने दावा लावला होता. अध्यक्ष मायकेल मार्टिन यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी कायदा होऊन खासदारांचे भत्ते एका स्वतंत्र संस्थेकडे गेले, पुढे पगार ठरवणंही. म्हणून तिथली संसद काही सरकारची बटीक झाली नाही.

संशोधनावर खर्च वाढवा, मीही हात वर करीन. पण तो कमी आहे हे दाखवायलाही बाबवार आकडे हवेतच ना, वकीलसाहेब? झाकलेल्या हिशेबात तुमचे दुभाषेही झाकले जातात.

तिकटीवरचा वकील

हा मुद्दा मला नाकारता येत नाही. पण समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा हवा. १९६७ पासून सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीला ती प्रथा आहे, ती इथेही लागू झाली पाहिजे. नाहीतर बहुमतवाले विरोधकांच्या कार्यालयांचा चहा मोजत बसतील.

कागलचा शेतकरी

आन् मुंबईचं काय? जून २०२५ ला विधानभवनात अंदाज समित्यांची परिषद भरली. काटकसर बघायची ती समिती. आन् पेपरात गाजली ती जेवणाची चांदीची ताटं. दिल्लीआधी आपल्या विधिमंडळाला इचारा की.

पंचगंगाकाठ

दोन्हीकडे विचारू. माहिती अधिकाराचे दोन अर्ज करतोय, एक लोकसभा सचिवालयाला, एक विधानमंडळ सचिवालयाला. तीन प्रश्न: मागच्या पाच वर्षांचा बाबवार खर्च, दुसऱ्या खात्यांच्या मागण्यांतून सभागृहासाठी झालेला खर्च, हा खर्च सादर होण्याआधी कोणत्या समितीने पाहिला. ताई, मसुदा तुमच्याकडे पाठवतो. लेखाशीर्षांची नावं नीट घातली नाहीत तर "माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर येईल.

निवृत्त लेखापरीक्षक, राजारामपुरी

पाठवा. "खर्च" एवढंच लिहू नका. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने मागा.

तिकटीवरचा वकील

चौथा प्रश्न माझा घाला: ग्रंथालय, संशोधन आणि भाषांतर यांवर किती पदं मंजूर, किती भरलेली.